खाते मिटवायचे राहून गेले



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानासाठी निवडलेला विषय वरवर पाहता समारंभाला शोभणारा नाही. पन्नास वर्षे पूर्ण झाली की संस्था आपल्या कार्याचा आढावा घेते, देणगीदारांचे ऋण मान्य करते, जुनी छायाचित्रे शोधून काढून सभागृहाच्या भिंतीवर लावते. त्याच छायाचित्रांत खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन तरुण पुढे एकमेकांच्या घरच्या मंगलकार्यालाही गेले नाहीत, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. बोलत मात्र कोणी नाही. आजचा विषय तोच आहे. जुनी मैत्री, तिच्यात शिरलेली अढी आणि वर्षानुवर्षे वाढत गेलेले अंतर.

नवी मुंबईत या विषयाला स्थानिक संदर्भही आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीच्या या बाजूला नवे शहर आकार घेऊ लागले. मुंबईतील गर्दीचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आणले गेले. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ च्या सुमारास आला, धान्य आणि मसाल्याचे बाजार १९९० च्या आगेमागे आले, भाजीपाल्याचा १९९६ साली. मे १९९२ मध्ये हार्बर मार्गावरील लोकल वाशीपर्यंत धावू लागली. दाणाबंदर आणि मशीद बंदर येथील कितीतरी पेढ्यांनी या काळात आपले बस्तान हलवले. कापडाचा मोठा व्यापार मात्र मुळजी जेठा मार्केट आणि मंगळदास मार्केटच्या परिसरातच राहिला. एका चाळीत वाढलेल्या दोन मित्रांपैकी एकाचा गाळा वाशीला आणि दुसऱ्याची गादी काळबादेवीला, अशी वाटणी त्यातून सहजच झाली.

जुन्या जागेत भांडण टिकवणे अवघड होते. पाण्याच्या नळावर, जिन्यात, देरासरच्या पायरीवर दिवसातून चार वेळा समोरासमोर यावे लागे. तोंड फिरवायलाही पुरेशी जागा नसे. एकाच्या घरी आजारपण आले की दुसऱ्याच्या घरून डबा जाई, आणि डबा परत करताना दोन शब्द बोलावेच लागत. नव्या शहरात रस्ते रुंद झाले, घरे प्रशस्त झाली, प्रत्येक वसाहतीत मंदिर झाले. ही प्रगती आनंदाची आहे. परंतु पूजेची वेळ अर्ध्या तासाने बदलली की एखाद्या माणसाचे तोंड वर्षभर पाहावे लागत नाही, हेही तितकेच खरे आहे. अबोला पाळण्यासाठी पूर्वी जे कष्ट घ्यावे लागत, ते आता घ्यावे लागत नाहीत.

या विषयावर बोलताना समाजातीलच एखादे उदाहरण घेतले, तर श्रोत्यांचे कान नावांकडे लागतील आणि विषय बाजूला राहील. म्हणून अवघ्या महाराष्ट्राच्या परिचयाचे एक उदाहरण घेणे बरे. ते आहे लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्या मैत्रीचे.

दोघांचा जन्म १८५६ सालचा. आगरकर १४ जुलैला कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले, टिळक २३ जुलैला रत्नागिरीस. अंतर अवघे नऊ दिवसांचे. घरची परिस्थिती मात्र भिन्न होती. टिळकांचे वडील शिक्षण खात्यात नोकरीस होते. आगरकरांचे शिक्षण अत्यंत हलाखीत झाले. एकच सदरा रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगात चढवायचा, ही त्यांची आठवण शाळकरी मुलांनाही माहीत असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात या दोघांची गाठ पडली. सरकारी नोकरी पत्करायची नाही, देशातील मुलांना स्वस्त आणि चांगले शिक्षण द्यायचे, हा निश्चय तेथील चर्चांतून झाला. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नेतृत्वाखाली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम.ए. उरकून आगरकर त्यात सामील झाले. जानेवारी १८८१ मध्ये 'मराठा' हे इंग्रजी आणि 'केसरी' हे मराठी पत्र निघाले. 'केसरी'ची संपादकीय धुरा आगरकरांकडे आली, 'मराठा'ची टिळकांकडे. आज 'केसरी' म्हटले की टिळकांचेच नाव ओठांवर येते. पण त्याचे पहिले संपादक आगरकर होते.

मैत्रीची खरी परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. कोल्हापूरचे अल्पवयीन महाराज आणि त्यांचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यासंबंधी काही पत्रे या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. ती बनावट ठरली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि जुलै १८८२ मध्ये दोघा संपादकांना चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या वेळी जामिनाचा प्रश्न आला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे या व्यापाऱ्याने जामीन दिला. चिपळूणकरांनी आपल्या 'निबंधमाले'त फुल्यांवर किती कठोर टीका केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या जामिनाचे मोल कळते. मतांचा हिशेब एका वहीत आणि माणुसकीचा दुसऱ्या वहीत ठेवता येतो, हे फुल्यांनी त्या दिवशी कोणतेही भाषण न करता दाखवून दिले.

वाशीहून लोकलने जाणारा व्यापारी मशीदच्या आधी सँडहर्स्ट रोड स्थानक ओलांडतो. तेथून डोंगरी जवळच आहे. त्या डोंगरीच्या तुरुंगात हे दोघे मित्र एकशे एक दिवस एकत्र राहिले. सुटकेनंतर आगरकरांनी त्या दिवसांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे त्यांचे भाषांतरही तुरुंगातलेच. एका कोठडीतील त्या रात्री वादविवादात जात. आधी समाज सुधारावा की आधी राज्य मिळवावे, या प्रश्नावर दोघांची मते तेव्हाही जुळत नव्हती. तरी ऑक्टोबर १८८२ मध्ये बाहेर आले तेव्हा दोघे पूर्वीपेक्षा अधिक जवळचे होते.

इथे क्षणभर थांबायला हवे. पुढे पाच वर्षांत ही मैत्री तुटली आणि तिचे कारण म्हणून सामाजिक सुधारणेचा वाद सांगितला जातो. तो वाद खराच होता. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह आणि वैधव्य या विषयांवर टिपणे काढली, रखमाबाईंचा खटला गाजू लागला, आणि परक्या सरकारने कायदा करून आपल्या चालीरीतींत हात घालावा की नाही, यावर महाराष्ट्र दुभंगला. आगरकरांना कायदा हवा होता. टिळकांचा त्यास विरोध होता. एकाच पत्रात दोन सूर उमटू लागले. पण हाच मतभेद तर डोंगरीच्या कोठडीतही होता. तेथे त्याने मैत्री मोडली नाही, मग पुण्यात का मोडली?

व्यापारी माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडी वेगळी कागदपत्रे पाहावीशी वाटतात. कोठडीत दोघांमध्ये वाटून घेण्यासारखे काहीच नव्हते. बाहेर आल्यावर वाटून घेण्यासारखे पुष्कळ झाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करावी, असा दंडक होता. मग प्रश्न उभे राहिले. वेतनात थोडी वाढ करावी की नाही? सदस्याने बाहेर लिहून-शिकवून मिळवलेले पैसे त्याचे की संस्थेचे? संस्थेचा वेळ सोडून इतर कामे कोणी किती करावीत? टिळकांची भूमिका कठोर त्यागाची होती. मिशनऱ्यांप्रमाणे सर्वस्व संस्थेला द्यावे. आगरकरांनी ऐन उमेदीत मोठ्या पगाराच्या वाटा सोडल्या होत्या, त्यांच्या त्यागाबद्दल शंका घेण्याचे कारणच नव्हते. परंतु घरसंसार असलेल्या शिक्षकाला थोडी मोकळीक हवी, हे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. त्यात वृत्तपत्रांची आणि छापखान्याची मालकी, त्यांवरचे कर्ज, संपादकाचा अधिकार यांची भर पडली.

अशा प्रश्नांसाठी आधी लिहून ठेवलेले कलम लागते. भागीदारीचे नियम तेव्हा १८७२ च्या करार कायद्यात होते. स्वतंत्र भागीदारी कायदा १९३२ सालचा. पण ध्येयाने भारलेल्या विशी-पंचविशीतल्या तरुणांना विभक्त होण्याची अट आधी लिहून ठेवणे म्हणजे मित्राच्या प्रामाणिकपणाचा अपमान वाटतो. आपल्या बाजारातही तेच घडते. दोन जिवलग मित्र दुकान काढतात तेव्हा भागीदारीच्या कागदावर बँकेसाठी सही होते, मजकूर कोणी वाचत नाही. दहा वर्षांनी तोच कागद वकिलाच्या टेबलावर पसरला जातो. कागद आधी वाचला असता, तर पुष्कळ मैत्र्या वाचल्या असत्या.

त्याशिवाय, पुण्याच्या त्या मंडळीत समजूत घालणारा वडीलधारा उरला नव्हता. ज्यांच्या शब्दाला दोघेही मान देत, ते चिपळूणकर मार्च १८८२ मध्येच वारले होते. न्यायमूर्ती रानडे होते, परंतु या वादात ते एका पक्षाचे मानले जात. कापड बाजारात मालाच्या प्रतीवरून किंवा हिशेबावरून तंटा झाला की तो महाजनाकडे, लवादाकडे नेण्याची जुनी पद्धत आहे. कोर्टाची पायरी चढण्याआधी दोन जाणती माणसे दोन्ही वह्या उघडून बघत. पैशाचा निकाल कधी चुकेलही. पण दोन्ही पक्षांना एका सतरंजीवर बसावे लागे आणि एकाच घरचा चहा घ्यावा लागे, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा. शिकलेल्या माणसांच्या संस्थांत अशी सोय सहसा नसते. तिथे ठराव असतात, दुरुस्त्या असतात आणि मतदान असते. मतदानाने प्रश्नाचा निकाल लागतो, मनाचा लागत नाही.

पुढचा क्रम परिचित आहे. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला. एक वर्षाने, ऑक्टोबर १८८८ मध्ये, त्यांचे 'सुधारक' निघाले. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी घेतली. सोसायटीतील तंटा चालूच राहिला. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि त्यावरून वाद विकोपाला गेला. डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. तो साध्या चार ओळींचा नव्हता. साऱ्या वादाचा इतिहास सांगणारे ते प्रदीर्घ निवेदन होते. असे निवेदन सहसा नुकसान झालेला भागीदार लिहितो. संस्थेवर मनापासून प्रेम केलेल्या माणसाचे दुःख त्यात आहे, आणि प्रत्येक जुन्या प्रसंगाची तारीखवार नोंदही आहे. दुःख पचते. नोंदी मात्र राहतात.

त्यानंतर 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्यात जी लेखणीची लढाई झाली, तिच्यात तत्त्वचर्चा होती तशी वैयक्तिक बोचरी टीकाही होती. परक्या माणसाने टीका केली तर ती छत्रीवरच्या पावसासारखी ओघळून जाते. ज्याने आपली गरिबी जवळून पाहिली, आपल्या मनातील शंका रात्री जागून ऐकल्या, त्याला नेमके कुठे दुखते ते ठाऊक असते. मित्राचे वैर शत्रूच्या वैरापेक्षा खोल जाते, ते यामुळे. भगवान पार्श्वनाथांच्या पूर्वभवातील कमठ आणि मरुभूतीची कथा या सभागृहात कोणाला सांगावी लागणार नाही. दहा भव टिकलेले ते वैर परक्यांचे नव्हते, सख्ख्या भावांचे होते.

व्यापारातील पेढी फुटते तेव्हाही असेच घडते. माल मोजला जातो, उधारी वाटली जाते, दुकानाच्या नावाची किंमत ठरते, ताळेबंदावर दोघांच्या सह्या होतात. चार्टर्ड अकाउंटंट आपले शुल्क घेऊन जातो. परंतु एक खाते कोणत्याच वहीत नसते. 'माझ्या वडिलांच्या आजारपणात तू मालाच्या खरेदीला सुरतला गेलास.' 'माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तू चार माणसांत बोललास.' या रकमांना आकडा नसल्यामुळे त्या वजाही होत नाहीत. दर दिवाळीला नवी वही उघडते आणि ही बाकी मुकाट्याने पुढे ओढली जाते. दहा-वीस वर्षांनी मूळ रक्कम कोणालाच आठवत नाही, व्याज मात्र दोन्ही घरांची मुले भरीत असतात. काकांच्या मुलाशी का बोलायचे नाही हे नातवाला माहीत नसते. बोलायचे नाही एवढे पक्के माहीत असते.

सगळेच अंतर भांडणाने पडते असेही नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. कित्येक मैत्र्या कोणाच्याही दोषाविना विरतात. एकाचा व्यवसाय वाढतो, एकाचा आटोपतो. एकाची मुले परदेशी जातात, एकाच्या घरी आजारपण ठाण मांडते. भेटी वर्षातून दोन, मग एक, मग कोणाच्या तरी उठावण्याच्या वेळी. सुती कापड धुऊन धुऊन पातळ होते, तसा हा प्रकार आहे. त्याबद्दल हळहळ वाटावी, अपराधी वाटण्याचे कारण नाही. प्रश्न फाटलेल्या कापडाचा आहे, आणि त्यातही ज्याची फाटकी किनार वर्षानुवर्षे मुद्दाम तशीच ठेवली आहे, त्याचा.

जैन शास्त्रकारांनी या विषयाचा विचार आश्चर्य वाटावे इतक्या बारकाईने केला आहे. क्रोधाच्या त्यांनी चार रेघा सांगितल्या. पाण्यावर ओढलेली, वाळूवर ओढलेली, जमिनीला पडलेली भेग आणि पाषाणाला गेलेला तडा. त्यांनाच अनुक्रमे संज्वलन, प्रत्याख्यानावरण, अप्रत्याख्यानावरण आणि अनंतानुबंधी अशी नावे आहेत. श्वेतांबर परंपरेतील कर्मग्रंथांत त्यांच्या मुदती दिल्या आहेत: पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि आजन्म. दिगंबर परंपरेत कालमर्यादा वेगळ्या आहेत, परंतु रेघांच्या उपमा त्याच. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की राग येऊच नये असा अशक्य नियम गृहस्थाला घातलेला नाही. मुदत घातली आहे. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण त्या मुदतींशी बरोबर जुळते. जमिनीची भेग एका पावसाळ्यात बुजते. संवत्सरी उलटून गेल्यावरही जी राहिली, ती दगडातली समजावी. ज्या व्यापारी समाजाने दर वर्षी हिशेब मिटवण्याची शिस्त पाळली, त्याच समाजात मनाच्या वैराचीही वार्षिक तारीख ठरावी, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

ती तारीख आपण पाळतो का? पाळतो, आणि मोठ्या उत्साहाने पाळतो. पूर्वी छापील क्षमापना-पत्रे जात. पाच-सातशे पत्रांवर पत्ते लिहायला घरातील मुले बसत. आता संवत्सरीच्या किंवा क्षमावाणीच्या दिवशी व्हॉट्सअॅपवर सुंदर चित्र आणि त्यावर 'मिच्छामि दुक्कडम्' असे शब्द एका क्षणात सर्व गटांत पोहोचतात. ज्यांच्याशी कधी भांडण झाले नाही, कधी नीट ओळखही झाली नाही, अशा शेकडो लोकांची क्षमा मागून होते. पत्र लिहावे लागे तेव्हा निदान पत्त्यांच्या यादीत ते एक नाव येई, हात थबके, आणि ते नाव गाळायचे की ठेवायचे याचा निर्णय जाणीवपूर्वक करावा लागे. आता गाळण्याचेही श्रम राहिले नाहीत. त्या माणसाचा क्रमांक फोनमध्ये नसतोच.

राजा उदायन आणि चंडप्रद्योताची कथा पर्युषणात अनेकांनी ऐकली असेल. सिंधू-सौवीरचा राजा उदायन आणि उज्जैनीचा चंडप्रद्योत यांचे युद्ध झाले. उदायनाने त्याला बंदी केले आणि त्याच्या कपाळावर अपमानाची अक्षरे डागली. परतीच्या वाटेवर दशपुर येथे मुक्काम असताना पर्युषण आले. उदायनाचा उपवास होता. आचाऱ्याने बंदिवान राजाला विचारले, आपल्यासाठी काय करू? रोज न विचारणारा माणूस आज विचारतो आहे, तेव्हा अन्नात विष असणार, अशी शंका चंडप्रद्योताला आली. त्याने सांगून टाकले की आपणही श्रावक आहोत, आपलाही उपवास आहे. ही गोष्ट उदायनाच्या कानी गेली. तो ढोंग करतो आहे हे त्याला समजत होते. तरीही, ज्याला साखळदंडात ठेवले आहे त्याची क्षमा मागून आपले प्रतिक्रमण शुद्ध होणार नाही, असा विचार त्याने केला. आधी बेड्या काढल्या, मग क्षमा मागितली, राज्य परत दिले आणि कपाळावरची अक्षरे झाकण्यासाठी सुवर्णपट्ट बांधला.

या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. बेड्या आधी निघाल्या, शब्द नंतर आले. आजच्या बेड्या कोणत्या? चेक न वटल्याचा कलम १३८ खालील खटला, भाऊबंदाच्या खोलीच्या हस्तांतराला रोखून धरलेली सही, संस्थेच्या निवडणुकीत मुद्दाम घेतलेली हरकत, मुलाच्या सोयरिकीची चौकशी आली असता कुजबुजलेले एक वाक्य. हे सर्व चालू ठेवून संवत्सरीला हात जोडणे म्हणजे तुरुंगातील कैद्याला तबकातून मिठाई पाठवणे. रास्त येणे सोडून द्यावे असे मात्र यातून कोणी काढू नये. उदायनाने राज्य परत दिले ही त्याची थोरवी. दुकानदाराला येणे वसूल केल्यावाचून पुढचा माल भरता येत नाही. येणे मागावे, लवादापुढे ठेवावे, हप्ते बांधून घ्यावेत. मागण्याच्या निमित्ताने अपमान करण्याचा हक्क मात्र कोणत्याही हुंडीत लिहिलेला नसतो. आणि क्षमा केली म्हणजे पुन्हा भागीदारी केलीच पाहिजे, असेही नाही. वेगळी दुकाने, वेगळी मते आणि सुखदुःखाला येणे-जाणे, एवढे पुष्कळ आहे.

टिळक आणि आगरकर यांच्या बाबतीत एवढेही झाले नाही. दोघे एकाच पुणे शहरात राहत होते. वामन शिवराम आपट्यांच्या निधनानंतर १८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, आणि ती त्यांच्या दारावरून नेली, असे सांगतात. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचा भार कोणावर पडू नये, म्हणून त्यांनी तेवढे पैसे आधीच पुरचुंडीत बांधून ठेवले होते, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. देणे ठेवून जायचे नाही, या बाबतीत तो माणूस कोणत्याही सचोटीच्या व्यापाऱ्यापेक्षा कमी नव्हता.

'केसरी'त मृत्युलेख लिहिण्याची वेळ टिळकांवर आली. झपाट्याने मजकूर सांगणारे टिळक त्या दिवशी अडखळत राहिले, एरवीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला आणि डोळे वारंवार भरून येत होते, अशी आठवण सांगितली जाते. लेखात आगरकरांच्या बुद्धिमत्तेचा आणि स्वार्थत्यागाचा मनापासून गौरव होता. ज्या त्यागाच्या मोजमापावरून सोसायटीत वर्षानुवर्षे खडाजंगी झाली, त्याच त्यागाचा.

वीस वर्षांनी जवळजवळ तोच प्रसंग पुन्हा आला. १८९० च्या तंट्यात समोरच्या बाजूला असलेले गोखले पुढे राष्ट्रीय सभेतील नेमस्तांचे नेते झाले. १९०७ साली सुरतेस सभा फुटली, तेव्हा टिळक आणि गोखले दोन विरुद्ध गोटांत होते. १९१४ साली टिळक मंडालेहून सुटून आले. समेटाची बोलणी झाली, ती अविश्वासात विरली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले पुण्यात निवर्तले, वय अठ्ठेचाळीस. टिळक त्या वेळी सिंहगडावर होते. बातमी कळताच ते गड उतरून पुण्यास आले, स्मशानात गेले आणि चितेसमोर उभे राहून त्यांनी जमलेल्या लोकांपुढे गोखल्यांच्या देशसेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. भोवती उभ्या असलेल्यांमध्ये दोन्ही पक्षांची माणसे होती.